मामांच्या तोंडातल्या टाचण्या

माझे मामा बोलत नाहीत असं लोक म्हणतात, ते खरं नाही. ते बोलतात, पण तोंडात टाचण्या ठेवून. कोट शिवणाऱ्या माणसाच्या तोंडात मापं लावताना चार टाचण्या असतातच, तो धंद्याचा भाग आहे. मामांनी तो आयुष्याचा भाग करून टाकला. गिऱ्हाईक आता "मंगळवारी नक्की ना?" असं विचारणार, हे त्यांना मिनिटभर आधी कळतं. तेवढ्या मिनिटात चार टाचण्या डबीतून निघून खालच्या ओठाआड बसलेल्या असतात. मग मामा "हं" म्हणतात. एक हं म्हणजे हो. दोन म्हणजे बघू. लांबलेला हं म्हणजे पुढच्या महिन्यात चक्कर टाका. जुन्या गिऱ्हाइकांना हे तोंडपाठ आहे. नव्यांना मामी शिकवते.

"लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली," मामी सांगते. "ह्यांचा आवाज मी जेवताना ऐकते. घास आणि टाचण्या एकदम मावत नाहीत म्हणून."

मामा आणि मामी दुकानाच्याच वर राहतात. त्यांच्याबरोबर त्यांची मुलगी, म्हणजे माझी मामेबहीण. जन्मली तेव्हा कोटाच्या गुंडीएवढी होती म्हणून तिला गुंडी म्हणायला लागले. आता ती एकतीस वर्षांची आहे आणि दुकानाच्या दारातून आत येताना तिला मान वाकवावी लागते, पण नाव काही वाढलं नाही. गेली नऊ वर्षं ती वडिलांच्या दुकानात काम करते. अस्तर तिचं, काजं तिची, बाह्या बसवणं तिचं. खिडकीजवळचं कापायचं टेबल मात्र मामांचं. तिथे उभं राहून कापडाला कात्री लावायची परवानगी तिला नाही. म्हणजे नाही असं कोणी सांगितलेलं नाही. विचारलं की हं येतो.

तर ह्या गुंडीला एका मोठ्या नाटक कंपनीचं पत्र आलं. दुसऱ्या शहरात, दिवसभराच्या प्रवासावर. त्यांच्या कपडेपटाची सगळी कापणी तिनं सांभाळायची, हाताखाली सहा माणसं. उत्तर तीन आठवड्यांनी, शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत हवं होतं. तिनं वडिलांना विचारलं, "बाबा, जाऊ की राहू?" मामांनी डबी उघडली. दुसऱ्या दिवशी तिनं परत विचारलं, डबी परत उघडली. तिसऱ्या वेळी तर दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, टेबलावर कापड नव्हतं. मामांनी उठून खिडकीच्या पडद्याला टाचण्या लावल्या.

दाताचं प्रकरण त्याच सुमाराला सुरू झालं.

मामांच्या वरच्या समोरच्या दाताला दोरा तोडून तोडून बारीक खाच पडली होती. कात्री त्यांच्या गळ्यात लोंबत असते, पण ती गळ्याची शोभा. दोरा तुटतो तो दातानंच. ह्या दाताचं एकदा रूट कॅनाल झालं होतं आणि त्या वेळच्या डॉक्टरांनी "दोरा तोडू नका" असं बजावलं होतं. मामा हं म्हणाले होते. आता ओव्हरकोटाच्या गुंडीचा मेण लावलेला जाड दोरा त्यांनी दाताखाली धरला, कट्कन आवाज झाला, आणि बघतात तर दोरा तसाच.

आठवडाभर त्यांनी कोणाला पत्ता लागू दिला नाही. मग हिरडीवर पुळी आली, वरचा ओठ सुजून टोपीच्या छज्ज्यासारखा पुढे आला आणि दोन्ही ओठ मिटेनासे झाले. टाचण्या गळायला लागल्या. मामा दवाखान्यात जायला तयार झाले ते दुखत होतं म्हणून नव्हे, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो.

मी प्राध्यापक असल्यामुळे मला सकाळी काम नसतं असा आमच्या सगळ्या नातेवाइकांत समज आहे. त्यामुळे गाडी काढली मी. बरोबर गुंडी होती, तिच्या हातात वही.

जबड्याच्या सर्जनबाई चाळिशीच्या, बुटक्या आणि घाईत होत्या. मामांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांची नजर बाईंच्या पांढऱ्या कोटाच्या डाव्या खांद्यावर गेली ती तिथेच अडकली. बाईंनी एक्स-रे पडद्यावर लावला.

"काका, हा दात गेला."

"कुठे गेला? आहे की."

"दिसतोय तेवढाच आहे. मूळ वरपासून खालपर्यंत उभं चिरलंय. आणि मुळाच्या टोकाशी हे काळं दिसतंय ना, तिथे पू साठून हाड खाल्लंय."

"रफू होणार नाही?"

बाईंनी मामांच्या गळ्यातल्या कात्रीकडे पाहिलं. मग त्यांच्या लक्षात आलं की समोर कोण बसलंय. "रूट कॅनाल म्हणजे रफूच, काका. तो तुमचा करून झालाय. पण रफूला कापड तरी शाबूत लागतं. मूळ उभं चिरलं की दात काढण्यावाचून इलाज नसतो. दात काढायचा, आतली घाण साफ करायची, खड्ड्यात हाडाची पूड भरायची, वरून टाके. चार महिन्यांत हाड भरलं की तिथे स्क्रू बसवून नवा दात."

"पूड कुठल्या हाडाची?"

"कारखान्यात शुद्ध केलेली येते. का?"

"ठिगळ लावताना कापड कुठलं ते विचारावं लागतं," मामा म्हणाले. सुजलेल्या ओठानं हे आठवड्यातलं सगळ्यात लांब वाक्य होतं.

गुंडीनं पडद्यावर बोट ठेवलं. खालच्या जबड्याच्या कोपऱ्यात एक अक्कलदाढ हाडातच आडवी झोपलेली होती. "ही पण काढून टाका ना एकदम. सगळं एका खेपेत."

"ही कधी सुजली? तोंड उघडायला त्रास झाला?" बाईंनी विचारलं.

मामांनी मान हलवली. नाही.

"मग राहू दे. विशीतला मुलगा असता, दर दोन महिन्यांनी हिरडी सुजत असती, किंवा शेजारची दाढ किडायला लागली असती, तर काढलीच असती. अडुसष्टाव्या वर्षी, काही त्रास देत नसताना, हाड कोरून ती उठवायची म्हणजे उगाच कुरापत काढणं. शिवाय खालच्या ओठाची नस हिला अगदी चिकटून जाते. ओठ बधिर झाला तर?"

मामांनी प्रथमच बाईंच्या खांद्यावरून नजर काढून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. कात्री कुठे लावू नये हे कळणारं माणूस त्यांना क्वचित भेटतं.

मग बाईंनी आरसा घेऊन त्यांचा खालचा ओठ उलटा केला. "हा पांढरा डाग कधीपासून आहे?"

मामांनी गुंडीकडे पाहिलं.

"तिथे टाचण्या असतात," गुंडी म्हणाली.

"कधी?"

"तुम्ही काही विचारलंत की."

बाई हसल्या नाहीत. "बहुतेक घासून पडलेला घट्टा असेल. पण आमच्याकडे बहुतेकवर भागत नाही. तोंडातला पांढरा किंवा लाल डाग दोन आठवड्यांत गेला नाही तर तुकडा काढून तपासायला पाठवायचा. सोमवारी दात काढताना त्याच बैठकीत तेही उरकते. शुक्रवारपर्यंत रिपोर्ट येईल. आणि काका, टाचण्या बंद."

"किती दिवस?" मामांनी विचारलं.

"कायमच्या."

मी मामांकडे पाहिलं. भुलीचं इंजेक्शन अजून टोचायचं होतं, पण चेहरा आत्ताच बधिर झाला होता.

सोमवारी सकाळी त्यांना आत नेलं. बाहेरच्या खोलीत मी आणि गुंडी. भिंतीवर एका जबड्याचं मोठं चित्र होतं, त्यातले सगळे दात जागच्या जागी, असे आम्ही अजून कोणाचे पाहिले नाहीत. गुंडीनं पिशवीतून नाटक कंपनीचं पत्र काढलं, वाचलं, परत घडी घातली.

"तुला जायचंय का?" मी विचारलं.

"दादा, तिथलं काम चांगलंय. पण मला हे दुकान हवंय. टेबलासकट. बाबा 'राहा' म्हणाले तर राहीन. 'जा' म्हणाले तरी चालेल, निदान काहीतरी म्हणाले. पण शुक्रवारी पाचपर्यंत हंच ऐकू आला तर मी फोन करून हो सांगणार."

"ते तुझ्या कामावर खूश आहेत. दिसतं ना."

"कुठे दिसतं? मला दाखव." ती शांतपणे म्हणाली. "नऊ वर्षांत एकदा तरी 'बरं झालंय' म्हणाले असते तर मी तेवढ्यावर अजून नऊ वर्षं काढली असती. स्वस्तात पडले असते मी."

पाऊण तासानं बाई बाहेर आल्या. सगळं नीट झालं होतं. हिरडीला पाच टाके, ओठाला दोन. "मधेच काका फार हातवारे करायला लागले. मला वाटलं भूल उतरली. थांबून विचारलं तर माझ्या कफचं बटण लोंबतंय असं सांगत होते."

त्यांनी सूचनांचा कागद दिला. जखमेवर कापसाची पट्टी आहे, ती पाऊण तास दाबून धरायची, मग टाकून द्यायची. आज गार आणि पातळ खायचं. चूळ उद्यापासून, जोरात नाही. टाके काढायला यायची गरज नाही, दोरा आपोआप विरघळतो.

"विरघळतो?" मामांनी पट्टीच्या आडून विचारलं. सुजेतूनही तो धक्का स्पष्ट कळला. ह्या माणसानं दहा वर्षांनी टाका सुटला म्हणून आलेल्या गिऱ्हाइकाची माफी मागितली होती, आणि ही बाई दहा दिवसांत सुटायची हमी देत होती.

पाऊण तास दुपारी बाराला संपला. मामांनी पट्टी काढली नाही. एक वाजता मामीनं गार खीर पुढे केली, मामांनी तोंडाकडे बोट दाखवून नकार दिला. चार वाजले तरी पट्टी तोंडात. गुंडीनं सूचनांचा कागद मोठ्यानं वाचून दाखवला, "पाऊण तास" ह्या दोन शब्दांवर बोट ठेवून.

"हं," मामा म्हणाले.

"नवी टाचणी सापडली वाटतं," मामी म्हणाली.

सहा वाजता भूक जिंकली. मंगळवारी सूज होती, म्हणून बोलता येत नव्हतं. बुधवारी सूज उतरली तेव्हा मामांनी मापाच्या वहीत लिहिलं, "डॉक्टरांनी बोलू नका सांगितलंय." गुंडीनं त्यांच्यासमोर दवाखान्यात फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"बोलू दे की," सर्जनबाईंचा आवाज आला. "सोमवारपासूनच बोलायला हरकत नव्हती. फक्त ओठ फार ताणायचा नाही. ओरडायची सवय आहे का त्यांना?"

"नाही," गुंडी म्हणाली. "तेवढी तब्येत अजून सुधारलेली नाही."

मग मामा बोलले. समोरच्या फटीतून वारा सुटत होता, त्यामुळे शब्द जरा फुलून बाहेर पडत होते. "रिपोर्ट येऊ दे. मग बघू."

"बाबा, रिपोर्ट तुमच्या ओठाचा येणार आहे. माझ्या नोकरीचा नाही."

त्यावर हात आपोआप डबीकडे गेला. पण मामीनं डबी सोमवारीच वर नेऊन ठेवली होती. मामांचा हात टेबलावर थोडा वेळ फिरला, मग खडू उचलून खाली ठेवला, मग इस्त्री गरम आहे का पाहिली. ती बंद होती. दोन दिवस हे असंच चाललं. बिनटाचणीचा माणूस दुकानात किती उघडा पडतो ते मी तेव्हा पाहिलं. एका गिऱ्हाइकानं "कोट कधी मिळेल?" विचारलं, तर मामांनी त्याला चक्क तारीख सांगितली. तो माणूस घाबरून मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "फार आजारी आहेत का?"

शुक्रवारी सकाळी आम्ही तिघं परत दवाखान्यात. रिपोर्ट स्वच्छ होता. नुसता घर्षणानं पडलेला घट्टा, टाचण्या थांबल्या की आपोआप जाईल, तीन महिन्यांनी एकदा दाखवून जा. गुंडीनं डोळे मिटून श्वास सोडला. मला वाटलं मामाही सोडतील. पण त्यांच्या हातातून शेवटची सबब निघून गेली होती, त्यामुळे त्यांना धड आनंदही होईना.

बाई हिरडी तपासत होत्या. मामांनी आरसा मागितला. ओठ वर करून, चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी आपल्या टाक्यांचं निरीक्षण सुरू केलं. दिवा जवळ ओढला. बरंच निरखून झाल्यावर ते म्हणाले, "चांगला टाका आहे."

"थँक यू, काका."

"ताण सगळीकडे सारखा. अंतर सारखं. गाठी सगळ्या एका बाजूला. ओल्या जागेत, अंधारात, हलणाऱ्या माणसावर." त्यांनी आरसा खाली ठेवला. "असा हात मी पुष्कळ दिवसांत पाहिला नाही."

बाई लाजल्या. वीस वर्षांच्या नोकरीत कुठल्या पेशंटनं त्यांच्या गाठींबद्दल काही म्हटलं नसावं.

गुंडी उठली. वही पिशवीत घातली. "अभिनंदन, डॉक्टर," ती म्हणाली. "तुम्हाला पाच दिवस लागले." आणि ती गाडीपाशी जाऊन उभी राहिली.

परतीच्या वाटेवर गुंडी मागे खिडकीबाहेर बघत बसली. मामा पुढे माझ्याशेजारी होते. एका सिग्नलला ते मला हळूच म्हणाले, "हिला काय झालं?" मी गाडी चालवण्यात कमालीचा गुंग असल्याचं दाखवलं. घराण्यात हे चालतच आलंय.

दुकानात आल्यावर गुंडीनं पिशवी टेबलावर ठेवली आणि फोन काढला. साडेअकरा वाजले होते.

"पाचपर्यंत वेळ आहे ना?" मामांनी विचारलं.

"तुम्हाला काय बोलायचंय?"

मामी जिन्यात येऊन उभी राहिली होती. मामांनी हातातली टेप गुंडाळली, उलगडली, गुंडाळली. मग, एक तर सांगायचं आणि तेही चुकीचंच, अशी वेळ माणसावर येते तसं ते म्हणाले, "एक सांगायचं राहिलंय. तुला वाईट वाटेल. गेली दोन वर्षं तू बसवलेल्या बाह्या मी बदलतोय. संध्याकाळी तू वर गेलीस की उसवतो आणि परत बसवतो. तुझा खांदा मला जरा सैल वाटायचा. म्हणून बोललो नाही कधी. खोटं चांगलं कसं म्हणायचं?"

मी दाराकडे पाहिलं. ते माझ्यापासून फार लांब होतं.

गुंडीनं फोन खाली ठेवला. "मला माहीत आहे."

"माहीत आहे?"

"बाही कशी लोंबते ते मला कळत नाही का? तुम्ही सकाळी दहापर्यंत वर पेपर वाचता. मी आठला खाली येते. तुम्ही बसवलेल्या उसवते आणि माझ्या परत बसवते."

मामांना हे समजायला वेळ लागला. मलाही लागला. दोन वर्षं ह्या दुकानातल्या प्रत्येक कोटाच्या बाह्या तीनदा बसल्या होत्या, आणि कोट उशिरा का मिळतात ह्याचं कारण सगळं गाव मामांच्या टाचण्यांत शोधत होतं.

"म्हणजे बाहेर गेले ते सगळे..."

"माझे."

"न्यायाधीशांचा?"

"माझा."

"लांब हातांचे ते बँकवाले? दोन्ही कोट?"

"दोन्ही."

मामा स्टुलावर बसले. "न्यायाधीशांचा कोट मी त्यांच्या अंगावर पाहिला," ते सावकाश म्हणाले. "एका समारंभात. मागे मागे फिरत होतो त्यांच्या. त्यांनी हात वर केला, फुलं घेतली, कोणाच्या खांद्यावर हात ठेवला, पण कुठे सुरकुती नाही. त्या दिवशी घरी येताना मला वाटलं, ह्या वयात माझा हात सुधारला. कोणाला सांगितलं नाही. लाज वाटली, अडुसष्टाव्या वर्षी स्वतःचं कौतुक काय करायचं."

जिन्यात मामी तोंडाला पदर लावून हसत होती. गुंडी हसत नव्हती. "ते अजून तुम्ही मला सांगितलं नाहीये," ती म्हणाली. "न्यायाधीशांच्या कोटाला सांगितलंत."

मामांनी ओठ आवळले. तो डाग अजून तिथे होता, आणि त्याच्या वर आता ठेवायला काही नव्हतं.

"खांदा चांगला आहे तुझा," ते म्हणाले. "माझ्यापेक्षा."

"आणि?"

"राहा."

"कशाला? अस्तर लावायला?"

"कापायला." फटीतून वारा सुटला आणि शब्द अर्धाच आला.

"ऐकू नाही आलं."

"कापायला."

"बाबा, ओठ न ताणता जरा मोठ्यानं."

"मला जिन्यात ऐकू आलं," मामी म्हणाली. "तुला टेबलाजवळ येत नाही?"

गुंडीनं फोन उचलला आणि आमच्याकडे पाठ करून नंबर लावला. नाटक कंपनीच्या बाईंशी ती चार मिनिटं बोलली. येणार नाही म्हणाली, आभार मानले, त्यांनी कारण विचारलं असावं, कारण ती जरा थांबून "इथे एक टेबल रिकामं झालंय" असं म्हणाली. फोन ठेवल्यावर तिनं नाक पुसलं आणि खिडकीजवळ जाऊन टेबलावरचा मामांचा चष्मा, मापाची लाकडी पट्टी, पेपराची घडी एकेक करून शिलाई मशीनवर नेऊन ठेवली. मामा बघत राहिले. एकदाच त्यांचा हात पट्टीसाठी पुढे आला आणि मागे गेला.

आदल्या दिवशी आलेलं राखाडी कापड तिनं टेबलावर पसरलं. मामा मशीनमागच्या स्टुलावर जाऊन बसले. तिथून त्यांनी बराच वेळ तिचा खडू पाहिला.

"बाहीला ढिलाई किती सोडतेस?" त्यांनी शेवटी विचारलं.

"सव्वा इंच."

"मी एकच सोडतो."

"म्हणून तर रोज उसवावं लागायचं," गुंडी म्हणाली आणि कात्री कापडात घातली.